आकड्यांचा ताळा: पुन्हा चालवता येणाऱ्या विश्लेषण-नोटबुकांसाठी मुक्तस्रोत साधनांची तुलना

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्या देशाचे सार्वजनिक कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की त्याची आर्थिक वाढ लक्षणीयरीत्या खुंटते, असा त्याचा निष्कर्ष होता. युरोप आणि अमेरिकेत सरकारी खर्चकपातीच्या समर्थनार्थ हा निबंध वारंवार पुढे करण्यात आला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या संशोधक विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तोच निष्कर्ष स्वतः काढून पाहण्याचे ठरवले. परंतु उत्तर काही केल्या जुळेना. अखेर मूळ लेखकांनी आपली एक्सेल फाइल त्याच्याकडे पाठवली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्याचे उघडकीस आले. २०१३ साली हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी फेरहिशेब मांडला, त्यात जास्त कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ टक्क्यांऐवजी २.२ टक्के आला. या फरकाचा मोठा भाग सूत्रातील चुकीचा नव्हता. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि देशांना भार देण्याची पद्धत यांतून तो आला होता. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, अन्य आक्षेप मात्र मान्य केले नाहीत.

या प्रकरणाचा बोध अर्थशास्त्रापुरता मर्यादित नाही. चूक कोणाच्याही हातून होते. येथे ती सापडण्यास तीन वर्षे लागली, आणि सापडली ती केवळ मूळ फाइल दुसऱ्याच्या हाती पडली म्हणून. शाळेत गणित सोडवल्यावर ताळा पाहण्याची सवय आपल्याला लावली जाते. आकडेवारीच्या व्यवसायात मात्र हा ताळा दुसऱ्याला, दुसऱ्या संगणकावर आणि कदाचित दोन वर्षांनी पाहावा लागतो. बँका, रुग्णालये, औषधनिर्मिती, विमा, संशोधनसंस्था अशा क्षेत्रांत परदेशी काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रसंग नेहमीचा आहे. विश्लेषण न्यू जर्सीत किंवा दुबईत होते, पुढचा टप्पा पुण्यातील सहकारी सांभाळतात, आणि मूळ विश्लेषक नोकरी बदलून गेल्यावर उरते ती एक फाइल. ती फाइल पुन्हा तेच उत्तर देईल काय, हा प्रश्न मग कोणाच्या तरी निर्णयाशी जोडलेला असतो.

मजकूर, संगणकीय आज्ञा, तक्ते आणि आलेख एकाच दस्तऐवजात मांडणारी नोटबुक-साधने याच गरजेतून पुढे आली. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रमुख मुक्तस्रोत साधनांची तुलना केली आहे. आरंभीच एक भेद स्पष्ट केलेला बरा. नोटबुक दुसऱ्याला पाठवता येणे ही एक गोष्ट. ते दुसऱ्याकडे चालून तेच उत्तर देणे ही निराळी गोष्ट. म्हणून कोणते साधन अधिक देखणे किंवा लोकप्रिय आहे, यापेक्षा कोणते साधन कोणती गोष्ट स्वतः नोंदवून ठेवते आणि कोणती विश्लेषकाच्या स्मरणशक्तीवर सोडते, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

संगणकाने काय करावे हे सांगण्यापेक्षा, आपण संगणकाकडून काय करून घेत आहोत हे माणसांना समजावून सांगावे, हा विचार डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' या नावाने मांडला. १९८८ साली आलेल्या मॅथेमॅटिका या व्यापारी प्रणालीने नोटबुक हे रूप रूढ केले. आर या संख्याशास्त्रीय भाषेच्या वापरकर्त्यांना फ्रीडरिश लाइश यांचे स्वीव्ह २००२ साली मिळाले. पुढे यीहुई शी यांच्या निटआरने त्याची जागा घेतली. पायथनच्या जगात फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली आयपायथन सुरू केले. त्यातून २०११ साली ब्राउझरमध्ये चालणारे नोटबुक निर्माण झाले आणि २०१४ साली त्या प्रकल्पाचे ज्युपिटर असे नामकरण झाले. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांची नावे त्यात गुंफलेली आहेत. शिवाय गुरूच्या उपग्रहांच्या नोंदी वहीत करणाऱ्या गॅलिलिओलाही ते अभिवादन आहे.

तुलनेच्या चार कसोट्या

पहिली कसोटी क्रमाची. नोटबुकातील सेल कोणत्याही क्रमाने चालवता येत असतील, तर पडद्यावर दिसणारे उत्तर वरून खाली वाचलेल्या आज्ञांचे असेलच असे नाही. जुन्या पेढीवरील रोजकीर्दीत नोंदी घडल्या त्याच क्रमाने असत. नोटबुकात तशी सक्ती आहे काय?

दुसरी कसोटी परिसराची. विश्लेषण ज्या भाषेच्या आणि ज्या पॅकेजांच्या ज्या आवृत्त्यांवर चालले, त्यांची नोंद कोठे राहते? हा मुद्दा तांत्रिक किरकिरीचा वाटू शकतो, परंतु दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २०१९ साली आलेल्या आरच्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची मूळ पद्धत बदलली. परिणामी तोच बीजांक देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळा नमुना निघतो. कोणतीही त्रुटी दिसत नाही. फक्त उत्तर बदलते. पायथनमधील पांडासच्या २.० आवृत्तीने २०२३ साली तक्त्याला ओळी जोडण्याची 'अपेंड' ही बहुप्रचलित आज्ञाच काढून टाकली, त्यामुळे असंख्य जुनी नोटबुके मध्येच थांबू लागली. दुसऱ्या प्रकारचा बिघाड निदान समोर तरी येतो. पहिल्या प्रकारचा येत नाही.

तिसरी कसोटी इतिहासाची. काल आणि आज यांतील बदल गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत माणसाला वाचता येतो काय?

चौथी कसोटी पोहोचवण्याची. ज्याच्या संगणकावर काहीच बसवलेले नाही, किंवा कार्यालयीन नियमांमुळे बसवता येत नाही, त्याच्यापर्यंत हे विश्लेषण कोणत्या रूपात पोहोचते?

ज्युपिटर

ज्युपिटर ही या क्षेत्रातील बोलीभाषाच झाली आहे. ते बीएसडी परवान्याखाली मुक्त आहे, अनेक भाषांच्या कर्नलांना जोडता येते, आणि गिटहबपासून बहुतेक संपादकांपर्यंत सर्वत्र त्याची फाइल उघडते. 'असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी'चा २०१७ सालचा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. विज्ञानातील त्याच्या उपयोगाचे ठळक उदाहरण म्हणजे गुरुत्वलहरींचा शोध. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या दोन वेधशाळांनी टिपलेल्या संकेताची आकडेवारी आणि तिच्या विश्लेषणाची ज्युपिटर नोटबुके सर्वांसाठी खुली करण्यात आली. कोणताही विद्यार्थी ती चालवून तो संकेत स्वतः पाहू शकतो. लायगोची भारतातील वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होत आहे आणि पुण्याची आयुका ही संस्था त्या प्रकल्पात सहभागी आहे. तेव्हा मराठवाड्याच्या मातीत टिपलेल्या लहरीही पुढे याच मार्गाने जगापुढे येऊ शकतील.

ज्युपिटरचे दोषही त्याच्या रचनेतच आहेत. सेल कोणत्याही क्रमाने चालवता येतात आणि कर्नल त्या सगळ्यांचे परिणाम मनात धरून ठेवतो. 'दर गुणिले १.१' असा सेल चुकून दोनदा चालवला तर दर दोनदा वाढतो, आणि फाइलमध्ये तो सेल एकदाच दिसतो. एखादा सेल पुसून टाकला तरी त्याने निर्माण केलेले चल स्मृतीत जिवंत राहते, त्यामुळे आज सुरळीत चालणारे नोटबुक उद्या संगणक नव्याने सुरू केल्यावर अडखळते. २०१८ साली न्यू यॉर्कमध्ये भरलेल्या ज्युपिटर परिषदेतच जोएल ग्रूस यांनी 'मला नोटबुके आवडत नाहीत' या आशयाच्या शीर्षकाचे भाषण दिले, त्याचा गाभा हाच होता. २०१९ सालच्या एका अभ्यासात संशोधकांनी गिटहबवरील सुमारे १४ लाख नोटबुके तपासली. त्यांपैकी साडेआठ लाखांहून अधिक पुन्हा चालवून पाहिली असता सुमारे २४ टक्केच त्रुटीविना पूर्ण झाली, आणि पूर्वीचेच निकाल देणारी अवघी ४ टक्के भरली.

परिसराच्या कसोटीवर ज्युपिटरची फाइल भाषेचे नाव आणि आवृत्ती यापलीकडे फारसे काही नोंदवत नाही. इतिहासाच्या कसोटीवरही ती कमी पडते. ती जेसन या संरचनेत साठवली जाते आणि तीत आज्ञा, निकाल, चित्रे, सेल कितव्यांदा चालला त्याचे क्रमांक असे सारे एकत्र असते. एक ओळ बदलली तरी गिटमध्ये शेकडो ओळींचा फरक दिसतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे निकालही फाइलमध्येच राहत असल्याने रुग्णांची नावे किंवा ग्राहकांचे खाते क्रमांक असलेला तक्ता नकळत बाहेर जाऊ शकतो.

या उणिवांवर पूरक साधने उपलब्ध आहेत. ज्युपिटेक्स्ट हे नोटबुकाची साध्या मजकुराची जोडफाइल ठेवते, आणि गिटमध्ये तीच ठेवता येते. एनबीस्ट्रिपआउट हे गिटमध्ये नोंद होण्यापूर्वी निकाल काढून टाकते. एनबीडाइम दोन नोटबुकांतील फरक वाचनीय रूपात दाखवते. नेटफ्लिक्समध्ये विकसित झालेले पेपरमिल हे निविष्टी बदलून तेच नोटबुक वरून खाली क्रमाने चालवते आणि प्रत्येक वेळची प्रत स्वतंत्र जपते. मासिक अहवालांसाठी ते विशेष सोयीचे आहे. ही साधने चांगली आहेत, परंतु ती वापरण्याची शिस्त संघाने स्वतः पाळावी लागते. ज्युपिटर ती लावत नाही.

आर मार्कडाउन आणि क्वार्टो

आर मार्कडाउनने निराळा मार्ग स्वीकारला. येथे मूळ फाइल हा साधा मजकूर असतो, त्यात आज्ञांचे तुकडे पेरलेले असतात, आणि अंतिम दस्तऐवज तयार करताना ते सर्व तुकडे नव्या सत्रात वरून खाली चालवण्याची पद्धत आहे. निकाल मूळ फाइलमध्ये शिरत नाहीत. त्यामुळे क्रम आणि इतिहास या दोन्ही कसोट्या सहज पार पडतात.

क्वार्टो हा त्याचाच उत्तराधिकारी. आरस्टुडिओ या कंपनीने, जी पुढे पॉझिट झाली, त्याची १.० आवृत्ती २०२२ साली जाहीर केली. आर, पायथन, ज्युलिया आणि ऑब्झर्व्हेबल जावास्क्रिप्ट या भाषा त्यात चालतात. जॉन मॅकफार्लेन यांच्या पॅनडॉकचा आधार असल्याने एकाच मूळ फाइलमधून वेबपान, पीडीएफ, वर्ड, सादरीकरण किंवा संपूर्ण पुस्तक निर्माण होते. १.४ आवृत्तीपासून ते एमआयटी परवान्याखाली आहे. ज्यांचे अंतिम उत्पादन वाचण्याचा अहवाल असते, त्यांच्यासाठी आजमितीस याहून सोयीचे मुक्त साधन सापडणे कठीण.

तथापि क्वार्टोच्या दोन बाबी ठाऊक नसतील तर फसगत होते. पहिली: क्वार्टोला ज्युपिटरची फाइल दिली, तर ते मुळात तिच्यातील सेल चालवतच नाही; आधी साठवलेले निकाल तसेच छापते. चालवण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. दुसरी: वेळ वाचवण्यासाठी 'फ्रीझ' ही सोय 'ऑटो' स्थितीत ठेवल्यास मूळ मजकूर बदलला तरच गणना पुन्हा होते. आकडेवारीची फाइल बदलली आणि मजकूर तोच राहिला, तर अहवालात जुनेच आकडे नव्या तारखेसह छापले जाऊ शकतात. अंतिम प्रत काढताना गोठवलेले निकाल पुसून सर्व काही नव्याने चालवावे.

मारिमो

मारिमो हे तुलनेने नवे, अपाची २.० परवान्याखालील पायथन नोटबुक आहे. त्याने क्रमाचा प्रश्न मुळापासून हाताळला. कोणता सेल कोणते चल निर्माण करतो आणि कोणता ते वापरतो, याचा नकाशा मारिमो आज्ञा वाचूनच तयार करते. एक सेल बदलला की त्यावर अवलंबून असलेले सेल आपोआप पुन्हा चालतात. सेल पुसला की त्याचे चलही नाहीसे होते. गणना फार वेळखाऊ असेल तर सेल लगेच न चालवता केवळ 'शिळे' म्हणून चिन्हांकित करण्याची सोय आहे. फाइल म्हणजे साधा पायथन मजकूर असल्याने गिटमधील फरक स्वच्छ दिसतो. परिसराबाबतही तरतूद आहे: पृथक पद्धतीने उघडल्यास लागणाऱ्या पॅकेजांची यादी त्याच फाइलच्या माथ्यावर लिहिली जाते आणि यूव्ही हे साधन तेवढाच परिसर उभा करते.

याची किंमतही आहे. एक चल एकाच सेलमध्ये निर्माण करता येते. ज्युपिटरच्या सवयीने 'तक्ता' हेच नाव दहा ठिकाणी वापरणाऱ्याला आरंभी हे जाचक वाटते. एखाद्या सेलने आधीच्या तक्त्यात आतल्या आत बदल केला, तर मारिमोला तो कळत नाही. निकाल मूळ फाइलमध्ये नसल्याने गिटहबवर फाइल उघडणाऱ्याला केवळ आज्ञा दिसतात. आलेख दाखवायचे असल्यास वेबपान म्हणून वेगळी प्रत काढावी लागते. शिवाय पायथन आणि एसक्यूएल यांपलीकडे ते जात नाही.

प्लूटो

ज्युलिया भाषेसाठी असलेल्या प्लूटोने हीच प्रतिक्रियाशील पद्धत २०२० सालापासून रूढ केली आणि त्याच वर्षी एमआयटीच्या संगणकीय विचारपद्धतीच्या एका खुल्या अभ्यासक्रमातही ते वापरले गेले. परिसराच्या कसोटीवर ते या यादीत सर्वांत पुढे आहे. वापरलेल्या प्रत्येक पॅकेजची, आणि त्या पॅकेजांना लागणाऱ्या पॅकेजांचीही, नेमकी आवृत्ती नोटबुकच्या फाइलमध्येच नोंदली जाते. त्यातून काढलेल्या वेबपानात मूळ नोटबुकही दडलेले असते. वाचकाला ते तेथूनच परत मिळवता येते. पहिल्यांदा उघडताना पॅकेजे बसण्यास बराच वेळ लागतो, आणि संघात ज्युलिया जाणणारे कोणी नसेल तर हे सारे गुण निरुपयोगी ठरतात.

अन्य पर्याय

ईमॅक्स या संपादकातील ऑर्ग-मोड साध्या मजकुरात अनेक भाषांचे तुकडे चालवतो आणि त्याच्या फाइली टिकाऊ आहेत. परंतु ईमॅक्स शिकण्याची तयारी हवी. ऑब्झर्व्हेबल फ्रेमवर्क हे २०२४ साली मुक्तस्रोत झालेले साधन मुख्यतः संवादी अहवाल आणि फलकांसाठी आहे. त्यात आकडेवारी कोणत्याही भाषेत आधी तयार करून स्थिर पानासोबत ठेवली जाते, त्यामुळे वाचकाला ती त्वरित दिसते. गूगल कोलॅब सोयीचे आहे आणि ज्युपिटरवर आधारलेले आहे, परंतु ती खासगी सेवा आहे. तेथील परिसर सेवादात्याच्या वेळापत्रकानुसार बदलतो, म्हणून या तुलनेत ते बसत नाही.

परिसराची नोंद आणि पोहोचवण्याचे मार्ग

प्लूटो आणि काही अंशी मारिमो वगळता बाकी साधनांना परिसराची नोंद बाहेरून पुरवावी लागते. आरमध्ये आरएन्व्ह आणि पायथनमध्ये यूव्ही यांसारखी साधने सर्व पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची कुलूपफाइल तयार करतात. तीही नोटबुकसोबत गिटमध्ये ठेवावी. केवळ 'पांडास लागेल' असे लिहिलेली यादी पुरेशी नाही, कारण पुढल्या वर्षी त्याच नावाखाली वेगळीच आवृत्ती बसेल. कार्यप्रणालीच्या पातळीवरील घटकही स्थिर राखायचे असतील तर डॉकरसारखा कंटेनर लागतो.

वाचणाऱ्यापर्यंत नोटबुक नेण्याचे चार मार्ग आहेत. केवळ वाचायचे असेल तर स्थिर वेबपान किंवा पीडीएफ पुरेसे. चालवूनही पाहायचे असेल आणि सर्व सामग्री सार्वजनिक असेल, तर बाइंडर ही सेवा गिट भांडारातील परिसराच्या फाइली वाचून कंटेनर उभा करते आणि दुव्यावर टिचकी मारताच ब्राउझरमध्ये नोटबुक सुरू होते. स्मृती मर्यादित असते आणि सत्र निष्क्रिय राहिल्यास बंद पडते. संवेदनशील आकडेवारी तेथे कदापि नेऊ नये. तिसरा मार्ग ज्युपिटरलाइट आणि मारिमोच्या ब्राउझर-आवृत्तीचा. येथे पायथनच ब्राउझरमध्ये चालते, सर्व्हर लागत नाही, आणि वाचकाने स्वतः निवडलेली फाइल त्याच्याच संगणकावर राहते. कार्यालयीन लॅपटॉपवर काहीही बसवण्याची मुभा नसलेल्या सहकाऱ्यांसाठी हा मोठाच दिलासा आहे, मात्र सर्व पॅकेजे तेथे उपलब्ध नसतात. चौथा मार्ग संस्थेच्या आतला: ज्युपिटरहब उभारल्यास सर्वांना एकच परिसर मिळतो आणि आकडेवारी संस्थेबाहेर जात नाही.

दीर्घकाळ जतन करायचे असल्यास केवळ गिटहबवर विसंबू नये. युरोपातील सर्न ही संस्था चालवत असलेल्या झेनोडोवर प्रत ठेवल्यास तिला कायमस्वरूपी डीओआय क्रमांक मिळतो आणि निबंधात नेमक्या त्याच आवृत्तीचा हवाला देता येतो.

देवनागरीचा प्रश्न

महाराष्ट्रातील जिल्हे, पिके, शाळा यांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण भेडसावते. पायथनमधील मॅटप्लॉटलिबच्या प्रचलित आवृत्त्यांपैकी बहुतेकांत देवनागरीची योग्य जुळणी होत नाही. देवनागरी फॉन्ट निवडला तरी 'जिल्हा' या शब्दातील ऱ्हस्व इकार ज नंतर पडतो आणि जोडाक्षर सुटते. ज्या साधनांत आलेखातील अक्षरे ब्राउझर रेखाटतो, उदाहरणार्थ अल्टेअर, प्लॉटली किंवा ऑब्झर्व्हेबल प्लॉट, तेथे हा दोष येत नाही. आरमध्ये रॅग हे पॅकेज अक्षरजुळणी योग्य करते. क्वार्टोतून पीडीएफ काढताना झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरून नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट स्पष्टपणे नमूद करावा. आणि तो फॉन्टही परिसराचाच भाग आहे, हे विसरू नये. तुमच्या संगणकावर सुबक दिसणारा अहवाल फॉन्ट नसलेल्या सर्व्हरवर रिकाम्या चौकटींनी भरून येतो.

कोणी काय निवडावे

संघ अनेक भाषांत काम करत असेल, किंवा शिकवणे आणि प्राथमिक शोध हा हेतू असेल, तर ज्युपिटर घ्यावे. परंतु ज्युपिटेक्स्ट आणि एनबीस्ट्रिपआउट पहिल्याच दिवशी जोडावेत. दर महिन्याला वा तिमाहीला छापील अहवाल द्यायचा असेल, नियामकापुढे किंवा नियतकालिकापुढे दस्तऐवज ठेवायचा असेल, तर क्वार्टो योग्य. आरच्या जुन्या आर मार्कडाउन फाइली बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही, त्या बहुतांशी तशाच चालतात. केवळ पायथन वापरणारा, नव्याने प्रारंभ करणारा आणि संवादी नोटबुक हवे असणारा संघ असेल, तर मारिमोचा गांभीर्याने विचार करावा. ज्युलियावाल्यांना प्लूटो सोडून अन्यत्र जाण्याचे कारण क्वचितच असते.

एकदम सारे बदलणेही आवश्यक नाही. ज्युपिटरमध्ये शोध घेऊन अंतिम मांडणी क्वार्टोत करणे, किंवा जुने ज्युपिटर नोटबुक मारिमोच्या रूपांतर-आज्ञेने बदलून कोणते सेल क्रमावर विसंबून होते ते पाहणे, हे मधले मार्ग उत्तम आहेत. रूपांतर अडखळले तर तीच उपयुक्त माहिती समजावी.

सुपूर्द करण्यापूर्वी

साधन कोणतेही असो, फाइल दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

१. कर्नल नव्याने सुरू करून सर्व सेल वरून खाली एकदा चालवावेत. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय आहे.

२. कुलूपफाइल सोबत आहे याची खात्री करावी आणि भाषेची आवृत्तीही लिहावी.

३. आपल्या संगणकावरील फोल्डरचा संपूर्ण पत्ता आज्ञांमध्ये राहिला असल्यास काढावा. प्रकल्पाच्या फोल्डरपासूनचा सापेक्ष पत्ता वापरावा.

४. मूळ आकडेवारीची फाइल कधीही बदलू नये. ती कोठून आणि कोणत्या तारखेला घेतली ते नोंदवावे. तिचा चेकसम लिहून ठेवल्यास तीच फाइल आहे याची खात्री पटते.

५. यादृच्छिकता असेल तेथे बीजांक निश्चित करावा.

६. पासवर्ड, सेवांच्या गुप्त कळा आणि व्यक्तींची ओळख पटवणारे निकाल काढून टाकावेत. गिटच्या इतिहासात गेलेली गुप्त कळ केवळ पुसून भागत नाही. ती रद्द करून नवी घ्यावी लागते.

७. शेवटी, हे विश्लेषण ज्याने पाहिलेले नाही अशा सहकाऱ्याला रिकाम्या संगणकावर ते चालवण्यास सांगावे आणि त्या वेळी आपण शेजारी बसू नये. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे नोटबुकात लिहायची राहून गेलेली एक ओळ असते.

यांपैकी सातवी पायरी कोणतेही साधन आपल्यासाठी पार पाडत नाही. मारिमो आणि प्लूटो क्रम सांभाळतील, क्वार्टो अहवाल सांभाळेल, कुलूपफाइल परिसर सांभाळेल. परंतु पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटल्या आहेत, हे त्यांपैकी कोणालाही कळणार नाही. ते कळेल फाइल उघडून, ती चालवून, आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहणाऱ्या माणसालाच. साधनांचे काम एवढेच की त्या माणसाला तीन वर्षे थांबावे लागू नये.